दोन घाट, एक जंगल आणि छत्तीस फोटो

रत्नागिरी म्हटले की बाहेरच्या माणसाला हापूस, समुद्र आणि थिबा राजवाडा आठवतो. आपल्या माणसांना सुट्टी मिळाली की मुंबई आठवते, नाहीतर गाव. पण पूर्वेकडे तोंड केले तर सह्याद्रीची भिंत उभी असते आणि त्या भिंतीच्या माथ्यावर महाराष्ट्रातले एक मोठे जंगल आहे, हे आपल्या घरांत फारसे बोलले जात नाही. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी असे चार जिल्हे त्याला लागलेले आहेत. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातील ३९ ठिकाणांना जागतिक वारशाचा मान दिला. त्यात महाराष्ट्रातली चार आहेत: कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. त्यातली दोन आपल्या जिल्ह्याच्या कुशीला आहेत. दूरदूरचे लोक मोठमोठे कॅमेरे घेऊन तेथे जातात. मग आपण का जाऊ नये?

हाच विचार करून आम्ही चार कुटुंबांनी एका फेब्रुवारीत चार दिवसांचा दौरा आखला. आमच्यात एक रिक्षा चालवणारे, एक एसटीच्या वर्कशॉपमधले, एक गवंडीकाम करणारे आणि एक अंगणवाडी सेविका. सोबत मुले आणि एकाची सत्तरी ओलांडलेली आत्या. भाड्याची एक जीप, खर्चाचे चार सारखे वाटे, घरून बांधून घेतलेल्या भाकऱ्या, चटणी आणि सुका जवळा. कॅमेरा म्हणाल तर एकच, तोही जुना, दुसऱ्या हातचा. बाकी सगळ्यांकडे मोबाईल. एवढ्या सामानावर काय जमते आणि त्यासाठी आधी काय ठरवावे लागते, ते सर्वांच्या उपयोगी पडावे म्हणून येथे लिहीत आहोत.

छत्तीसचा नियम

जुन्या काळी कॅमेऱ्यात रोल घालावा लागे. एका रोलात ३६ फोटो. रोलाचे पैसे, धुण्याचे पैसे, प्रिंटचे पैसे. त्यामुळे माणूस बटण दाबण्याआधी विचार करी. आता मोबाईलमध्ये हजार फोटो मावतात आणि घरी आल्यावर त्यातला एकही कोणी पाहत नाही. म्हणून आम्ही नियम केला: चार दिवसांत सगळ्यांनी मिळून ३६ फोटो ठेवायचे. काढा कितीही, पण रात्री बसून निवड करायची आणि बाकीचे पुसून टाकायचे.

मग त्या ३६ ची वाटणी केली. दहा फोटो डोंगर, दरी आणि रस्त्याचे. दहा प्राणी, पक्षी आणि झाडांचे. दहा माणसांचे. उरलेले सहा मोकळे, प्रत्येकाने आपल्या मनातला फोटो आधी सांगायचा. दहावीतल्या मुलीकडे वही दिली. फोटोचा क्रमांक, ठिकाण, वेळ, कोणी काढला आणि फोटोत काय आहे, एवढे तिने लिहायचे. ही वही म्हणजे अर्धा फोटो असतो. नाव नसलेला डोंगर वर्षभराने कुठलाही डोंगर होतो.

मनातला फोटो सांगायची पाळी आली तेव्हा मुलांनी वाघ सांगितला. बायकांनी धबधबा सांगितला. आत्या म्हणाली, "मला पाण्याचा फोटो पाहिजे. शिवसागराच्या." का, ते पुढे येईल.

कधी जावे

हे सर्वात आधी ठरवावे, कारण ऋतू बदलला की फोटोच बदलतो. जून ते सप्टेंबर घाटात धबधबे असतात, नवजाजवळचा ओझर्डे धबधबा कोसळत असतो, पण धुके इतके की पुढची गाडी दिसत नाही. शिवाय पावसाळ्यात चांदोली पर्यटकांना बंद असते. पाऊस सरताना सड्यांवर तेरडा, सोनकी, सीतेची आसवे ही फुले येतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा स्वच्छ असते, लांबचा डोंगर स्पष्ट येतो. मार्च ते मे हवेत धूसरपणा असतो, पण पाणी आटते आणि जनावर पाणवठ्यावर येते.

वनखाते पाणवठ्यावरची प्राणीगणना बुद्धपौर्णिमेच्या रात्री करत आले आहे, हे वाचकांना ठाऊक असेल. उन्हाळ्यातला लख्ख चंद्र आणि मोजके पाणी, यामुळे मचाणावर बसलेल्या माणसाला बॅटरीशिवाय जनावर दिसते. आपण मात्र त्या रात्री घरच्या आणि वस्तीच्या कार्यक्रमात असतो!

आम्ही फेब्रुवारीचा शेवट निवडला. धबधब्याचा हट्ट बायकांनी सोडला, कारण त्या दिवसांत सावर, पळस आणि पांगारा फुलतात. फुललेल्या लाल सावरीखाली गुपचूप बसले की पक्ष्यांच्या मागे धावावे लागत नाही. मध खायला तेच येतात. मोठी लेन्स नसलेल्या माणसासाठी याहून सोपा उपाय नाही.

पहिला धडा कातळावर

पहिल्या दिवशी पहाटे निघून आम्ही थेट घाटाकडे न जाता उक्षीला गेलो. तेथे सड्यावर कातळात कोरलेला मोठा हत्ती आहे. कोकणातल्या अशा कातळशिल्पांची २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत नोंद झाली, त्यात उक्षी आहे. राजापूर तालुक्यात बारसूच्या सड्यावर दोन वाघांच्या मध्ये उभा माणूस कोरलेला आहे. कॅमेरा नव्हता तेव्हाही या मातीतल्या माणसाला पाहिलेले जनावर टिपून ठेवावेसे वाटत होते.

येथे प्रकाशाचा धडा आपोआप मिळतो. कोरलेली रेघ उथळ असते. सूर्य डोक्यावर आला की सगळा कातळ सारखा दिसतो आणि हत्ती हरवतो. सकाळी किंवा संध्याकाळी ऊन तिरके पडते, रेघेच्या एका कडेची सावली आत पडते आणि हत्ती उठून उभा राहतो. मुलांनी सातला एक फोटो काढला आणि न्याहारी करून नऊच्या पुढे त्याच जागेवरून दुसरा. दोन्ही शेजारी धरल्यावर काहीच समजावून सांगावे लागले नाही. फोटो उठून दिसावा म्हणून काही लोक रेघांत खडू भरतात, पाणी ओततात, चित्रावर उभे राहतात. ते करू नये. हजारो वर्षे टिकलेली रेघ आपल्या एका फोटोसाठी झिजवू नये.

घाट दुपारनंतर चढावा

उक्षीहून निवळी, हातखंबा, पाली, साखरपा करत आंबा घाट. रत्नागिरीपासून हा घाट सुमारे पासष्ट-सत्तर किलोमीटर. वाटेत जेवण उरकून आम्ही मुद्दाम साडेतीनच्या पुढे घाटाला लागलो. त्याचे कारण असे. सह्याद्रीचा कडा कोकणाकडे, म्हणजे पश्चिमेला तोंड करून आहे. सकाळी सूर्य डोंगराच्या पाठीमागे असतो. कडा सावलीत राहतो आणि फोटोत काळा ठोकळा येतो. दुपारनंतर सूर्य आपल्या पाठीशी येतो आणि कड्याची प्रत्येक घडी उजळते. सकाळी हवे असेल तर माथ्यावरून खाली पाहावे. दरीत साठलेले धुके आणि त्यातून वर आलेली डोंगरांची टोके तेव्हाच मिळतात.

धुक्याचा फोटो मोबाईल काळपट करतो, कारण समोर सगळे पांढरे पाहून तो आपणहून उजेड कमी करतो. पडद्यावर बोट टेकवून उजेडाची खूण थोडी वर सरकवावी. काळ्या जनावराच्या बाबतीत उलटे करावे, खूण खाली आणावी, नाहीतर काळा गवा राखाडी येतो.

घाटात गाडी कुठेही उभी करू नये. वळणावर तर नाहीच. जेथे रस्ता रुंद आहे तेथेच थांबावे, मुलांना दरीच्या बाजूने उतरू देऊ नये, कठड्यावर चढून फोटो काढू नये. माकडांना खाणे टाकू नये. खाण्याच्या आशेने ती रस्त्यावर बसायला शिकतात आणि ट्रकखाली जातात.

रात्री आंबा गावी मुक्काम केला. सकाळी उजाडताच गावाबाहेरच्या झाडीत शेकरू दिसले. शेकरू हा आपला राज्यप्राणी. उंच फांदीवर, शेपूट खाली सोडून बसलेला. मोबाईलवर झूम केले की चित्र फाटते, म्हणून झूम न करता पूर्ण झाड घेतले आणि त्यात शेकरू लहान दिसू दिले. तोच फोटो सर्वांना आवडला. शेकरू केवढ्या उंचीवर जगते ते त्यात कळते.

या पट्ट्यात धनेशही आहेत. त्यांच्याबद्दल एक गोष्ट प्रत्येक फोटोवाल्याने लक्षात ठेवावी. विणीच्या दिवसांत मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचे तोंड लिंपून घेते. फक्त एक फट ठेवते. नर त्या फटीतून तिला आणि पिलांना चारा देतो. ढोलीजवळ माणसे घुटमळली तर नर जवळ येत नाही आणि आत बसलेली उपाशी राहतात. म्हणून ढोली दिसली तर लांबूनच परत फिरावे आणि जागा कोणाला सांगू नये, मोबाईलवर तर मुळीच टाकू नये. फळ खाणारा धनेश रानभर बी पेरतो. एका घरट्याबरोबर उद्याची झाडेही जातात.

चांदोली: वाघ नव्हे, शिवार

दुसऱ्या दिवशी मलकापूरमार्गे वारणेच्या खोऱ्यात उतरून आम्ही वारणावतीच्या बाजूला राहिलो आणि तिसऱ्या दिवशी पहाटे जंगलात शिरलो. जाण्याआधी वनखात्याकडे फोन करून उद्यान कोणत्या दिवशी उघडे, गाडी कोणती चालते, कॅमेऱ्याचे शुल्क वेगळे आहे का, हे विचारून घ्यावे. ओळखपत्र जवळ ठेवावे. लाल, पांढरे भडक कपडे नकोत. फ्लॅश बंद. ड्रोन तर परवानगीशिवाय चालतच नाही.

गाडीच्या खिडकीवर कॅमेरा टेकवायला आमच्या बायकांनी जुन्या लुगड्याची जाड पिशवी शिवली होती आणि तीत दोन किलो तांदूळ भरले होते. बाजारात अशी पिशवी महाग मिळते. पहाटे जंगलात उजेड कमी असतो, हात जरा हलला तरी फोटो पुसट होतो. तांदळाच्या पिशवीवर कॅमेरा घट्ट बसतो. चालकाला आधीच सांगून ठेवले होते की जनावर दिसले की इंजिन बंद करायचे, कारण गाडीची थरथरही फोटोत उतरते. घरी आल्यावर त्याच तांदळाचा भात झाला, हे सांगायला हरकत नाही.

वाघ दिसला नाही. दिसेल अशी आशा धरून या जंगलात जाऊही नये. येथे वाघ मोजके आहेत आणि झाडी दाट. २०२५ च्या नोव्हेंबरात ताडोब्याहून एक वाघीण येथे आणली गेली, ती संख्या वाढावी म्हणूनच. येथल्या वाघाचा फोटो माणूस क्वचितच काढतो. झाडाला बांधलेला कॅमेरा काढतो. अंगाची ऊब आणि हालचाल जाणवली की तो आपणहून चालतो. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात, आपल्या अंगठ्याच्या ठशासारखे. त्यावरून कोणता वाघ कुठून आला ते ताडता येते.

आम्हाला गवे दिसले. मोकळ्या गवताळ जागेवर पाच-सहा, पायांत पांढरे मोजे घातल्यासारखे. मुलांनी श्वास रोखून फोटो काढले. तेव्हा सोबतच्या गाईडने हळू आवाजात सांगितले, "हे गवत आपोआप नाही. ही शिवारं होती. आमच्या आजोबांचं गाव इथं होतं."

त्याने दाखवले तेव्हा आम्हाला दिसू लागले. गवतात बुडालेले बांध. ओळीत उभी आंब्याची झाडे, जी रानात अशी ओळीने उगवत नाहीत. एका उंचवट्यावर जोत्याचे दगड. १९८५ साली हे अभयारण्य झाले, २००४ साली राष्ट्रीय उद्यान. मधल्या आणि पुढच्या वर्षांत येथली गावे उठली. आपल्या संगमेश्वर तालुक्यातले गोठणे त्यातलेच. माणूस गेला, नांगर थांबला, शेताचे कुरण झाले आणि त्या कुरणावर गवे आले.

आता सांगा, हा फोटो कशाचा? गव्याचा, हे तर खरेच. पण आमच्या वहीत मुलीने लिहिले: "गवे. जुन्या गावाच्या शेतात. सकाळी पावणेआठ." या एका ओळीने फोटो खरा झाला. सुंदर फोटोत माणूस नसला की पाहणाऱ्याला वाटते, येथे कधीच कोणी नव्हते. जंगल वाचले पाहिजे याबद्दल आमच्या मनात शंका नाही. पाणी, पाऊस, पाखरे सगळे त्यावर आहे. पण ते कोणाच्या घरावर उभे आहे, हेही फोटोखाली लिहिले पाहिजे. त्या गाईडला आम्ही त्याच आंब्याखाली उभे केले आणि त्याचा फोटो काढला. तो छत्तिसातला एक.

शिवसागर

तिसऱ्या दिवशी दुपारी कराड, पाटण करत कोयनानगरला पोचलो. चौथ्या दिवशी सकाळी पाण्याकाठी गेलो. धरण आणि वीजघर ही बंदोबस्ताची ठिकाणे आहेत. मनाईचा फलक असेल तेथे मोबाईलही बाहेर काढू नये. पण शिवसागर जलाशय उत्तरेला थेट तापोळ्यापर्यंत पसरलेला आहे, त्याच्या काठावर मोकळ्या जागा पुष्कळ आहेत. हे पाणी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अडले. त्याच्या विजेवर मुंबईचे दिवे लागले, कारखाने चालले. आणि खोऱ्यातली गावे चहूकडे पांगली, ठाणे, रायगड, सांगली, सोलापूरपर्यंत. त्या धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाची लढाई पुढच्या पिढ्यांनाही लढावी लागली.

आत्या त्या खोऱ्यातली. पाणी आले तेव्हा ती चार-पाच वर्षांची होती. वडिलांच्या नावावर जमिनीचा तुकडा नव्हता, दुसऱ्याच्या बांधावर राबणारे घर. त्यामुळे सातबारा नाही, नकाशा नाही, गाव सोडल्याचा कागद नाही. फोटो तर त्या काळी कोण काढणार? ती घाट उतरून चिपळूणला आली, पुढे लग्न होऊन रत्नागिरीला. मुले मोठी झाली. तिच्या गावाचा पुरावा म्हणून तिच्याजवळ फक्त आठवण होती: नदीला उतरणारी वाट आणि वाटेवर एक उंबर.

ती काठावर उभी राहून बराच वेळ समोरच्या डोंगराचे वळण पाहत होती. मग हात करून म्हणाली, "तो माथा तसाच हाय. त्याच्या खाली, जरा डावीकडं. तेवढं धरून काढ."

फोटो काढणाऱ्या भाच्याने विचारले, "आत्या, तू उभी राहतेस का मध्ये?"

"मी कशाला मध्ये? मी आडवी आले तर घर दिसायचं नाही."

सकाळचे ऊन पाण्यावर तिरके होते, वारा नव्हता, डोंगराचे प्रतिबिंब पडले होते. फोटोच्या दृष्टीने पाहिले तर साधे चित्र: वर डोंगर, खाली पाणी. कोणी आमच्याकडे मागितले तर द्यावे असे त्यात काही नाही. पण मुलीने वहीत आत्याने सांगितले तसे सगळे लिहून घेतले. कोणत्या माथ्याखाली, कोणत्या बाजूला, कोणाचे घर, घरात कोण कोण. ते पान आणि तो फोटो मिळून त्या घराचा पहिला कागद झाला.

दुपारी हेळवाकवरून कुंभार्ली घाट उतरलो. येथेही तोच हिशेब, उन्हे कलल्यावर कडे उजळतात. पोफळी, चिपळूण, संगमेश्वर करत रात्री घरी.

परत आल्यावर

३६ ठेवायचे म्हणून ३६ राहिलेच असे नाही. निवड करता करता ३१ उरले, आणि वाघाचा एकही नाही. ते आम्ही दुकानातून कागदावर छापून घेतले. मोबाईल पडतो, बिघडतो, हरवतो. कागद पेटीत राहतो. प्रत्येक फोटोच्या मागे वहीतली ओळ लिहिली. त्यातले बारा पुठ्ठ्यावर चिकटवून वस्तीतल्या समाजमंदिरात एका रविवारी लावले. शेकरू कोणी पाहिले नव्हते, ते मुलांनी पाहिले. शिवसागराच्या फोटोपुढे मात्र म्हातारी माणसे थांबत होती. दोघांनी सांगितले की आमचेही गाव त्याच पाण्यात आहे. आम्ही वही पुढे केली.

तुम्ही जाल तेव्हा दोन घाट, एक जंगल, चार दिवस एवढा हिशेब पुरे. ऋतू पाहा, परवानगी घ्या, दुपारनंतर कड्यावर आणि सकाळी रानात राहा, तांदळाची पिशवी विसरू नका, ढोलीपासून लांब राहा. आणि निघण्याआधी घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला एकच गोष्ट विचारा, "तुम्हाला कुठला फोटो पाहिजे?" ते सांगतील तो फोटो पहिला काढा. वाघ नंतरही दिसेल.